ताटलीतलं मीठ

तेरखेडा, ८ जून २०२५

शिवप्रिये,

डोकं जाग्यावर आहे का, का तेही अग्निबाणाला बांधून वर पाठवलंस? मागच्या महिन्यात चार दिवस आलीस, तर चष्मा विसरलीस, छत्री विसरलीस, चुलीवरचं दूध विसरलीस, आणि हैदराबादहून माझ्यासाठी आणते म्हणालेली उस्मानिया बिस्किटं तिकडंच विसरून आलीस. जाताना आज्जीच्या पाया पडायचं सोडून मास्तरांच्या पडलीस. एवढ्या विसराळू पोरीच्या हवाली तुझी कंपनी अग्निबाणाची सहा टन दारू करते, धन्य आहे तिची.

(बाईंनी 'बावळट' सांगितलं होतं, मी 'विसराळू' लिहिलं. गो.)

मास्तर अधूनमधून असे स्वतःचे कंस घालतात, तिकडं लक्ष देऊ नको. रिटायर झाल्यापासून गोपाळकृष्ण मास्तरांना तपासायला वह्या न्हायत, म्हणून माझं बोलणं लिहून घेताना धुऊन वाळत घालतात.

फोन करू नको. फोनवर तू "हं, हं" म्हणतीस आणि दुसऱ्या हातानं टकटक करतीस, ते मला ऐकू येतं. पत्र लिही. पत्र मास्तरांकडून तीनदा वाचून घेता येतं. तिसऱ्या वाचनाला लबाडी सापडते.

तुझा उपग्रह म्हणं पाचशे किलोमीटर वर जाऊन जमिनीतली ओल सांगणार. सांगू दे. वाकून मातीला हात लावायला तुमची कंबर दुखती, त्याला दुसरा इलाज काय? आणि सरकारनं म्हणं नवं धोरण केलंय, खाजगी कंपनीलाही आभाळ खुलं. इथं आमच्या फटाक्याच्या शेडीत दारूचं एक पोतं वाढलं की परवान्याचे साहेब येऊन दोन शेडीतलं अंतर टेपनं मोजतात. तुम्ही सहा टन भरता तर साहेब हार घेऊन येतात. म्याही उद्यापासून भुईनळ्याला उपग्रह म्हणते.

चष्म्यासोबत हिरव्या दोऱ्याचं रीळ पाठवलंय. शेडीतली रीत तुला ठाऊक आहे. जी बाई नळा ठासते ती त्याच्या गळ्याला आपल्या रंगाचा दोरा गुंडाळते. दिवाळीत नळा फुसका निघाला की दोरा बघायचा, कुणाच्या हातचा ते कळतं. माझा हिरवा. तुझ्या अग्निबाणाला बांध.

शिवम्मा

* * *

हैदराबाद, २२ जून २०२५

अव्वा,

चष्मा मिळाला. पाया पडायचं विसरले नव्हते, तू बकरीमागे धावत होतीस.

अग्निबाणाला दोरा बांधू देत नाहीत गं. तिथं स्क्रूसुद्धा मोजून लावतात. पण तुझं रीळ माझ्या टेबलावर आहे. माझं काम तपासणीचं. प्रत्येक टप्प्यावर माझी सही झाल्याशिवाय पुढचं काम सुरू होत नाही. म्हणजे माझी सही हाच माझा दोरा.

आणि ती तुमची काळी दारू नाही. रबरासारखं इंधन असतं. पातळ असताना मोठ्या नळकांड्यात ओततात, मग कित्येक दिवस उबेत ठेवून घट्ट होऊ देतात. नळकांड्याच्या आतल्या भिंतीला ते सगळीकडून घट्ट चिकटलं पाहिजे. कुठं सुटलं की आग भलत्या बाजूनं धावते. ओतायच्या आधी भिंतीवर एक लेप देतात, तो द्यायच्या वेळी हवा कोरडी लागते.

लेप देतात त्या खोलीचे प्रमुख गुंडप्पा आहेत, बिदरकडचे. वीस वर्षं हेच काम. तू शिकवलेल्या मोडक्या कानडीत मी त्यांच्याशी बोलते, तर पोट धरून हसतात. पुढच्या महिन्यात लेप आणि ओतणं. उड्डाण १२ सप्टेंबरला. तारीख पक्की, कारण पैसा लावणारे परदेशातून बघायला येणार आहेत.

एक विचारू? तू मला आयुष्यात एकदाच मारलंस. मी चौथीत होते. का मारलंस ते आजपर्यंत सांगितलं नाहीस. विसराळू मी एकटीच नाही.

शिवप्रिया

* * *

तेरखेडा, ३ जुलै २०२५

शिवप्रिये,

तुझी छत्री बकरीनं खाल्ली. काड्या तेवढ्या ठेवल्यात, त्या परत पाठवू का?

पैसेवाले बघायला येणार म्हणून तारीख पक्की, हे वाचून मास्तर आणि म्या दोघं हसलो. इंधन वाळायला किती दिवस लागतात ते इंधनाला विचारा. पाहुण्यांचं तिकीट बघून कुठला लेप वाळतो?

कोरडी हवा तुम्ही कशानं बघता? यंत्र असंल, त्यावर आकडा येत असंल. आमच्या शेडीत ताटलीत खडेमीठ ठेवतात. सकाळी दार उघडलं की आधी मिठाचं तोंड बघायचं. खडा कोरडा असंल तर दारू काढायची. खड्याला घाम फुटला असंल तर सगळ्या बायका घरी, मग मालक कितीही कोकलू दे. यंत्राला पगार असतो, मिठाला नसतो, म्हणून मीठ खरं बोलतं. गुंडप्पाला सांग. बिदरकडचा म्हंजे माझ्या माहेरच्या वाटेवरचा, त्याला कळंल.

त्या माराचं काढू नको. पोरं मार खातात आणि मोठी होतात.

(हे वाक्य बाईंनी तीनदा बदललं. गो.)

शिवम्मा

* * *

हैदराबाद, १८ सप्टेंबर २०२५

आदरणीय आजी,

सादर प्रणाम. हे पत्र आपणास उत्तम आरोग्यात व आनंदात मिळेल अशी आशा आहे.

आपणास कळविण्यास आनंद होतो की, दिनांक १२ सप्टेंबर रोजी आमच्या अग्निबाणाने यशस्वीरीत्या अवकाशाच्या दिशेने झेप घेतली. बेचाळीस सेकंदांनंतर मोहिमेत एक विसंगती आढळून आली. तथापि, ही केवळ एक अडचण नसून शिकण्याची एक अमूल्य संधी आहे. या प्रवासातून आम्हास मौल्यवान माहिती प्राप्त झाली असून, आमचा संघ अधिक दृढ निश्चयाने पुढील वाटचाल करीत आहे.

आपले मार्गदर्शन आम्हास सदैव प्रेरणा देते. आपल्या प्रकृतीची काळजी घ्यावी.

आपली नात,
शिवप्रिया

* * *

तेरखेडा, २५ सप्टेंबर २०२५

जी कोण असशील ती,

आदरणीय आजी? मास्तरांनी पाकीट उलटंपालटं करून पाहिलं, तालुक्याच्या कुठल्या सभापतीचं पत्र आमच्या दारात पडलं की काय म्हणून. मला "आपण" म्हणणारी नात या घरात जन्मली न्हाय. बकरीनं छत्री खाल्ली, त्यावर अक्षर न्हाय. मिठाचं काय झालं, अक्षर न्हाय. मास्तरांनी सांगितलं, हल्ली यंत्राला विषय दिला की ते असं गुळगुळीत पत्र लिहून देतं. चार ओळींत त्यानं एकही चूक केली न्हाय, तिथंच म्या ओळखलं.

तर आता तूही सांगून लिहून घेतीस आणि म्याही. फरक एवढाच, मास्तर म्या न सांगितलेलं लिहीत न्हायत.

(एखादा शब्द सोडून. गो.)

तुझ्या बापानं पवनचक्कीच्या राखणीवरून आल्यावर मोबाइलवर दाखवलं. गेला वर, झुकला एका अंगाला, बाजूनं आगीची जीभ निघाली आणि पडला समुद्रात. आणि खाली उभे असलेले शहाणे टाळ्या वाजवत होते! का तर म्हणं निदान उडाला. अगं, आमच्याकडं फुसक्याला कुणी टाळी वाजवली असती तर ठासणाऱ्या बाईनं त्याच्या अंगावर शेण फेकलं असतं. आणि "विसंगती" काय? जो आडवा जाऊन समुद्रात पडला त्याला फुसका म्हणतात. आमच्याकडं फुसका निघाला की पुढचा सवाल एकच असतो, दोरा कुणाचा?

तोच तुला विचारते. हातानं लिही. खाडाखोड झाली तर राहू दे, तीही मास्तर मला वाचून दाखवतील.

शिवम्मा

* * *

हैदराबाद, ५ ऑक्टोबर २०२५

अव्वा,

हातानं लिहितेय. ते पत्र यंत्रानंच लिहिलं. मला सुचत नव्हतं.

दोरा माझा होता.

तुझं मिठाचं मी गुंडप्पांना हसत हसत सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, आमच्या घरीही असंच बघतात. दुसऱ्या दिवशी त्यांनी लेपाच्या खोलीत दाराशी ताटली ठेवली. अठरा जुलैला लेप द्यायचा होता. सकाळी त्यांनी मला बोलावून दाखवलं, खडे ओले होते. भिंतीवरच्या पडद्यावर आकडा मात्र मर्यादेच्या आत. त्या यंत्राचा कान थंड हवेच्या झोताखाली बसवलाय, दाराशी नाही. हे मला माहीत होतं. गुंडप्पांनी हातानं लिहायच्या वहीत कानडीत लिहिलं, "हवा दमट आहे, आज थांबा." मी वरच्या साहेबांकडे गेले. ते म्हणाले, "शिवप्रिया, आपण अवकाश कंपनी आहोत, लोणच्याचा कारखाना नाही. पडद्यावर काय आहे ते सांगा." मी पडद्यावरचा आकडा सांगितला आणि सही केली. गुंडप्पांनी वही मिटली. माझ्यासमोर त्यांनी लेप द्यायला घेतला.

तिथंच सुटलं, अव्वा. भिंतीपासून. समुद्रातून काढलेल्या तुकड्यांवर दिसतंय.

आता चौकशीचा अहवाल तयार झालाय. त्यात लिहिलंय की लेप देणाऱ्या कर्मचाऱ्यानं हवेच्या नियमाची काळजी घेतली नाही, आणि "मनाई असताना खोलीत बाहेरचा खाद्यपदार्थ आणून ठेवला." खाद्यपदार्थ म्हणजे तुझं मीठ. त्यामुळेच खोलीत ओल आली असावी असाही एक तर्क आहे. चमचाभर मिठानं! कानडी वहीचा उल्लेख नाही, कारण कंपनीच्या संगणकात जे नाही ते झालंच नाही. गुंडप्पांचा पास काढून घेतलाय. या क्षेत्रात त्यांना पुन्हा कुणी दाराशी उभं करणार नाही.

अहवालावर तपासणीच्या बाजूनं माझी सही हवी आहे. एकतीस ऑक्टोबरपर्यंत. केली तर पुढच्या अग्निबाणावर मला बढती आहे. साहेब म्हणाले, "एका माणसाचा प्रश्न आहे, दोनशे लोकांचं पोट बघा." दोनशे लोकांचं तर खरंच आहे, अव्वा. पैसा थांबला तर कंपनी बंद पडेल.

तू काहीतरी टोचून बोल. तेवढंच बरं वाटेल.

शिवप्रिया

* * *

तेरखेडा, १२ ऑक्टोबर २०२५

शिवप्रिये,

टोचून बोलायला बसले होते. तुझ्या साहेबाला लोणच्याचा कारखाना म्हंजे काय वाटतं? लोणच्याला थेंबभर पाणी लागलं तर बरणी नासते, म्हणून बाई हात कोरडे करून झाकण उघडते. तेवढी अक्कल त्याच्या कंपनीत असती तर समुद्रातले मासे वाचले असते. असं बरंच सांगायचं होतं. पण मास्तरांनी तुझं पत्र तिसऱ्यांदा वाचलं आणि टोचणं तिथंच राहिलं.

तू विचारलं होतंस, का मारलं. ऐक.

भूकंपाच्या दुसऱ्या वर्षीची दिवाळी. शेड तुझ्या आज्याची होती. इरम्मा माझ्या शेजारी बसायची, पिवळ्या दोऱ्याची. तिच्याइतकं सारखं ठासणारी बाई पुन्हा पाहिली न्हाय. दिवाळी बारा दिवसांवर आलेली आणि तिचा ठासायचा लाकडी दांडा चिरला. सुताराकडून नवा यायला दोन दिवस. तुझा आज्जा म्हणाला, काम थांबायचं न्हाय, आणि गाडीवाल्याची लोखंडी पहार आणून तिच्या हातात दिली. ठिणगी उडते म्हणून दारूजवळ लोखंड आणत न्हायत हे शेडीतल्या मांजरालाही कळतं. इरम्मानं माझ्याकडं बघितलं. मालकाची बायको म्या. म्या "न्हाय" म्हटलं असतं तर तिला उठता आलं असतं. म्या मान खाली घालून दोरा गुंडाळत राहिले. मग पाणी आणायला बाहेर गेले. हंडा कमरेवर असतानाच आवाज आला.

चार दिवसांनी चौकशीचा कागद आला. कारकून म्हणाला, "इरम्मा त्या दिवशी कामाला होती, एवढंच लिहिलंय. अंगठा द्या." म्या दिला. वाचून दाखवा म्हटलं न्हाय. म्हटलं असतं तर त्यानं वाचून दाखवलं असतं, आणि मग मला कळलं असतं.

त्या कागदाची आम्हाला मिळालेली नक्कल ट्रंकेत लुगड्याखाली होती. तू चौथीत गेलीस, वाचायचं वेड लागलं. पिठाच्या पिशवीवरचं वाचायचीस, औषधाच्या बाटलीवरचं वाचायचीस. एक दिवस ट्रंक उघडून तो कागद काढलास आणि माझ्यापुढं बसून अक्षर न् अक्षर लावलंस. "मयत इरम्मा हिने मनाई असताना स्वतः लोखंडी पहार आणून…" तिथं थांबून विचारलंस, "मयत म्हंजे काय गं, अव्वा?" तेव्हा मारलं.

इरम्मा गेली तेव्हा तिची लेक शिवरंजनी सहा वर्षांची होती. तिच्या आईनं शेड उडवली असं गाव तिला अजून ऐकवतं. आता तीही शेडीत बसते. तिचाही दोरा पिवळा. म्या तिला रोज बघते.

अडाणी होते, काय लिहिलंय ते कळलं न्हाय, या सबबीवर एकतीस वर्षं काढली. तुला ती सबब न्हाय. आणि दोनशे लोकांच्या पोटाचं म्हणशील, तर तुझ्या आज्यानंही तेच सांगितलं होतं, फक्त आमच्यात माणसं चाळीस होती.

सही करायची का न्हाय ते म्या सांगणार न्हाय. म्या कोण सांगणारी?

(या पत्राखाली बाईंनी स्वतःच शाई मागून घेऊन अंगठा उमटवला. गो.)

शिवम्मा

* * *

हैदराबाद, २ नोव्हेंबर २०२५

अव्वा,

अहवालावर सही केली नाही. त्याऐवजी दोन पानं स्वतःच्या हातानं लिहिली. यंत्राला विचारलं नाही, म्हणून शुद्धलेखनाच्या चुका असतील. लिहिलं की मीठ खोलीत माझ्या बोलण्यावरून आणलं. गुंडप्पांनी थांबा म्हटलं होतं, वहीचं पान सोबत जोडलं, खाली त्याचा अर्थ दिला. यंत्र चुकीच्या जागी आहे हे मला ठाऊक असताना मी सही केली, आणि साहेब काय म्हणाले तेही लिहिलं, लोणच्यासकट. चौकशीच्या समितीला दिली आणि एक प्रत परवानगी देणाऱ्या सरकारी खात्याला पाठवली. दोन्ही प्रतींना टाचणीऐवजी तुझा हिरवा दोरा बांधला. समितीतले एक वयस्कर गृहस्थ तो दोरा खूप वेळ बघत होते.

अहवाल फेरचौकशीला परत गेलाय. गुंडप्पांना पास परत मिळाला. माझा काढून घेतला. आता मी घरी आहे. पुढचं काही माहीत नाही.

गुंडप्पांनी काल फोन केला. आभार वगैरे नाहीत. म्हणाले, "सही करताना विचार करायला हवा होता." मग म्हणाले, यंत्राचा कान आता दाराशी हलवलाय, आणि ताटलीही तिथंच ठेवलीय.

तुझ्याकडे यावंसं वाटतंय. दूध उतू जाऊ देणार नाही.

शिवप्रिया

* * *

तेरखेडा, १० नोव्हेंबर २०२५

शिवप्रिये,

पास गेला ते बरं झालं, हरवायची एक वस्तू कमी झाली. गुंडप्पा बरोबर बोलला. हार घालील असं वाटलं होतं का तुला?

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मास्तरांना घेऊन शिवरंजनीकडं गेले. कागद ट्रंकेतून काढला होता. ती दारात शेंगा निवडत होती. मास्तरांनी वाचला. तिनं पुन्हा वाचायला लावला. मग पहार कुणी दिली आणि म्या कशी गप्प बसले, ते म्या माझ्या तोंडानं सांगितलं. म्या शिव्या ऐकायची तयारी करून गेले होते. तिनं एकही दिली न्हाय. एवढंच म्हणाली, "शिवम्माकाकू, माझ्या लग्नात हळद तुम्ही लावली होती."

म्या मास्तरांना म्हटलं, कोरा कागद काढा.

मास्तरांनी तिथंच दुसरा कागद लिहिला, झालं ते सगळं. या वेळी म्या तीनदा वाचून घेतला. मास्तरांनी एका ठिकाणी "नजरचुकीने" घातलं होतं, ते खोडायला लावलं.

(खोडलं. गो.)

मग अंगठा दिला. परवा ग्रामसभा आहे, तिथं मास्तर तो मोठ्यानं वाचणार आणि म्या शेजारी उभी राहणार. शिवरंजनी म्हणाली, "मी येईन की नाही सांगत नाही." आणि जुना कागद पदरात घेऊन दार लावून घेतलं.

तू ये. शेडीत बसवीन, ठासायला न्हाय, मीठ बघायला. एवढं शिकलीस तर तेवढं जमंल. पण यायच्या आधी उस्मानिया बिस्किटं पाठव, सहा महिने वाट बघतेय. दोन डबे पाठव. एक माझा. दुसरा सरळ शिवरंजनीच्या नावानं टाक, आणि त्याला बाहेरून हिरवा दोरा बांध. उघडायचा का उकिरड्यावर टाकायचा, ते तिनं दोरा बघून ठरवावं.

शिवम्मा